जमा आणि नावे

रोजकीर्द कापडी बांधणीची, कडा खाऱ्या हवेने फुगलेल्या.
हार्लिंगनमध्ये सगळंच फुगतं: दारं, पाव, म्हाताऱ्या बोटांची पेरं.
डावीकडे जमा. उजवीकडे नावे.
सत्तावीस वर्षं ही वही माझ्याकडे;
उद्या ॲमस्टरडॅमची माणसं येऊन घेऊन जातील.

आलिडा टेर्पस्ट्राची धुलाई होती, कालव्याकाठी.
खलाशांचे सदरे, पाद्र्याच्या कॉलरी, खळ, नीळ, इस्त्री.
बुडापेस्टला देशोदेशीच्या बायका जमणार, हे तिने
कुणाच्या तरी शर्टाभोवतीच्या वर्तमानपत्रात वाचलं.
स्टेशनवर गेली. टोपी नवी.
तिकिटाला चौदा गिल्डर कमी पडले.
परत आली, आणि त्याच दुपारी
नगराध्यक्षाच्या टेबलक्लॉथला इस्त्री केली.
रडलीबिडली असेल तर नोंद नाही.

मृत्युपत्रात मात्र नोंद आहे:
घर विकावे. धुलाई विकावी. व्याजातून
परिषदेला निघालेल्या बायकांचे भाडे द्यावे,
तिसऱ्या वर्गाचे, परतीसह.
मुद्दलाला हात लावू नये.
'परतीसह'खाली दोन रेघा.

पहिली पानं फ्राउक्ये मास्तरीणबाईंची, जांभळी शाई.
नावे: रीगाची एक सुईण.
नावे: त्रिएस्तची तारयंत्रवाली.
नावे: दोघी बहिणी, पोर्तोहून, मिळून एक सुटकेस.
कुठेतरी बायका जमा होत,
इथे पैसे नावे पडत.

मग चाळीस साल.
संघटना बंद करा, कागद जमा करा, असा हुकूम.
फ्राउक्येने नेऊन दिल्या लोणच्याच्या कृती, शिक्का मारून.
वही गेली पिठाच्या डब्यात
(मधल्या पानांतून अजून राय झडते).
दर महिन्याला तिने लिहिलं:
जमा, काही नाही. नावे, काही नाही.
सुवाच्य, जणू शून्यालाही तपासनीस असतो.
त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत एक ओळ:
बटाटे, कोळसा, खोकल्याचं औषध. नऊ गिल्डर. पाहुणी.
मार्चमध्ये, पाहुणी. एप्रिल, पाहुणी.
अशा सव्वीस ओळी.
नावेच्या रकान्यात नाव नाही.

युद्धानंतर हिशेबतपासनिसाने विचारलं,
ही कोण? निधी तर फक्त प्रवासखर्चाचा.
फ्राउक्येने समासात उत्तर लिहिलं:
'प्रवासातच होती. माझ्या माळ्यावर.'
त्यापुढे 'परतीसह' लिहायला हात उचलला असावा;
तिथे शाईचा एक ठिपका आहे.

पुढे पत्रं लांबून येऊ लागली. तामाले, सुवा, कोचाबांबा.
कोचाबांबाच्या डोंगरातून व्हिसेंता मामानीने लिहवून घेतलं:
तिकीट संघटना देते आहे. तुम्ही मला
आठ दिवस शेळ्या राखणारीची मजुरी पाठवा.
समिती तीन बैठका भांडली.
शेळ्या मृत्युपत्रात कुठे बसतात?
मी नवी खजिनदार, कॉफी ओतता ओतता म्हटलं,
आलिडाकडे ते चौदा गिल्डर असते
तर आठवडाभर धुलाई कुणी बघितली असती?
कुणी काही बोललं नाही.
शेळ्या मंजूर, एका मताने.

आता वर्षाच्या व्याजात बिस्किटांचा पुडा येतो, बरा नव्हे.
मोठ्या निधीत आम्ही 'विलीन' होतोय, शब्द त्यांचा.
त्यांनी तक्ता पाठवलाय: नाव, देश, परिणाम.
चारशे बारा बायका मी दोन बोटांनी टाइप केल्या.
सुईण गेली, तारयंत्रवाली गेली, शेळ्यांसकट व्हिसेंता गेली.
सव्वीस ओळी अडल्या.
रकाना रिकामा ठेवला की यंत्र लाल होतं, पुढे जात नाही.
बांधावर चक्कर मारून आले. ओहोटी होती, नुसता चिखल.
परत आले, चौकोन लालच.

नाव: पाहुणी.
देश: माळा.
परिणाम, या रकान्यात
शाईचा ठिपका कसा टाकतात
ते मला माहीत नाही.