लादी

तंबूचं भाडं रात्रीला तीनशे. गुलाबी पावती,
मागे बारीक टायपात अटी:
पाण्यात उतरू नये. विस्तव करू नये.
बिबट्या दिसल्यास पळू नये.

पळायला अंगात होतं काय कुणाच्या?
ओवळ्याच्या पुढे, येऊरच्या पायथ्याशी,
मे महिन्यातल्या दुपारी दोनला
पापणी उचलणं हेच काम होतं.

घरचा एसी बंद पडून आठवडा झाला होता.
आमच्यातलं बोलणं त्याआधीच.
श्रीरंग म्हणाला, चल, तलावाकाठी गार असेल.
तलाव होता, पण काठ सोडून मागे सरलेला,
मधे भेगाळलेला गाळ,
आणि गाळात उघडा पडलेला एक पाट,
मागच्या भादव्यात कुणाच्या तरी घरून आलेला,
अजून पायाला थोडा लाल रंग धरून.

तंबूत शिरलो तर आत
नव्या प्लॅस्टिकचा वास आणि आपलाच श्वास परत.
निमिषनं झिप उघडली, लावली, उघडली,
आणि बाहेर जाऊन शिरीषाच्या सावलीबरोबर
दर पंधरा मिनिटांनी चटई सरकवत बसला.
तांबट कुठेतरी टुक टुक टुक,
जणू कुणी उन्हाचं भांडं ठोकून सरळ करतंय.

हिराजी भोईर, पालिकेचा वॉचमन,
आमच्याकडे बघून नुसता हसला.
"उन्हाल्यान तंबून कोन निजतं गो बाय?
तंबून सामान ठेवाचा. मानसांनी भायेर."

संध्याकाळी भिवंडीचे तांबोळी आले.
रेहाना, तिची तीन मुलं, सासू जैबूनबी,
आणि रिक्षातून, गोणपाटात गुंडाळलेली,
भुसा झडत असलेली,
बर्फाची अख्खी लादी.
चौघांनी मिळून उतरवली, खाटेवरून म्हातारं माणूस उतरवावं तशी.
अटींमध्ये बर्फाबद्दल काही नव्हतं.
हिराजीनं पावती दोनदा वाचून खात्री केली.

रात्री घोडबंदर रोडवर ट्रकांचे दिवे
मुंग्यांसारखे एकामागे एक.
वारा नाही. पाणी नुसतं पडून.
आणि आम्ही सगळे, एकमेकांची नावंही नीट माहीत नसलेले,
लादीभोवती गोल बसलो,
तळवे पुढे करून,
डिसेंबरात शेकोटीभोवती बसतात तसे.
"हात ठेवा," जैबूनबी म्हणाल्या, "पण नखानं कोरू नका.
त्याला जाग आली की लवकर जातो."
मग त्यांनी सांगितलं लग्नातल्या बर्फाचं,
सरबताआधी मुलांनीच संपवलेल्या,
आणि हिराजीनं बिबट्याचं,
ज्यात बिबट्या शेवटपर्यंत आलाच नाही.

माझ्या समोर श्रीरंग.
मधे ती लादी, टॉर्चच्या उजेडात आतून धुरकट,
मधोमध अडकलेल्या बुडबुड्यांची एक सरळ रेघ.
पलीकडे त्याची बोटं, जाड, वाकडी, दुसऱ्याच कुणाची असावीत अशी.
मी बघत राहिले.
पाणी गोणपाटातून झिरपून
माझ्या टाचेपाशी आलं, मग त्याच्याही.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
"गॅस भरून घ्यायला हवा. कॉम्प्रेसर ठीक असेल बहुतेक."
मी म्हटलं, "हं."
इतकंच. पण महिन्याभरातलं हे
पहिलं वाक्य होतं, ज्यात बिल कुणी भरायचं ते नव्हतं.

उघड्यावर झोपलो. निमिष तांबोळ्यांच्या मुलांत,
कोणाचा पाय कोणाचा ते कळेना.
तंबूत रात्रभर कांदे आणि चपला निजल्या.

पहाटे उठले तर लादीचा
साबणाच्या वडीएवढा तुकडा उरलेला.
निमिषनं तो दोन्ही ओंजळींत घेतला,
गाळ तुडवत पाण्यापर्यंत गेला,
घोट्याएवढ्या पाण्यात उतरला.
हिराजी नेमका तेव्हाच
पाठमोरा होऊन कुलपाची किल्ली शोधत होता.

रेहानानं गोणपाट कुंपणावर टाकलं.
नऊ वाजायच्या आत
ते खडखडीत वाळून गेलं.