दीड फुटाची पाटी

घणसोलीत झेरॉक्सवाल्याच्या वर
आमचं ऑफिस. पाटी दीड फूट.
याहून मोठी लावली
तर बार कौन्सिल विचारेल.

भाचा म्हणतो, मावशी, रील कर,
चौकात फ्लेक्स लाव,
गोविंदांना टी-शर्ट वाट,
पाठीवर : मढवी अँड लोटणकर.
वकिलाला जाहिरात चालत नाही रे.
मग भाडं कसं चालतं?
लोटणकर चष्मा पुसत राहतात.

बुधवारी संध्याकाळी
तळ्याकाठच्या समाजमंदिरात टेबल टाकतो,
नोटिसा वाचून दाखवतो. फुकट.
साडेबारा टक्क्यांचे कागद येतात
दुधाच्या पिशवीत गुंडाळून,
काहींना सुकटीचा वास.

चांगुबाई आली होती
भावावर दावा ठोकायला.
दोन तास ऐकलं. मग म्हटलं,
आधी एकदा त्याच्याकडे जेवून ये.
ती परत आलीच नाही.
चांगली केस होती, लोटणकर म्हणाले,
दोनदा म्हणाले.

आज दुपारी खाली चार बाया,
एकीच्या हातात दुधाची पिशवी :
"ती 'केस करू नको' बोलनारी वकीलीन
हितंच बसते का?"

झेरॉक्सवाल्यानं मान न उचलता
फक्त बोट वर केलं.