एकशे चौदा

गोष्टीवर नाव नको, हा नियम.
नाव, पत्ता, जन्मतारीख वेगळ्या पाकिटात,
पाकिटं कपाटात,
किल्ली माझ्या हातमोज्यात.

परीक्षकांना फक्त आकडे.
एकशे चौदा उर्मासनं बाजूला सारली:
‘शेवटच नाहीये हिला.’

निकालानंतर नव्वद दिवसांनी सगळं नष्ट करायचं.
विल्यांदीचं तळं तेव्हा गोठलेलं.
यंत्र नावांच्या शेवया पाडत होतं.
एकशे चौदाच्या पाकिटाला पिन होती,
म्हणून उघडावं लागलं.
नाव सांगणार नाही.
पत्त्याखाली पेन्सिलीनं: ‘मार्चपर्यंत इथेच.’

पिन काढली. कागद आत सोडला.
‘आम्ही काहीही जपून ठेवत नाही’,
खाली सही माझीच.

आज सहा एप्रिल. बर्फ तडकतोय.
थांब्यावर उभी आहे.
कुठल्या बसची वाट बघतेय
ते सांगता येणार नाही.