शून्यावरची सुई

कुणाला वाऱ्यावर सोडू नये म्हणतात.
माझा तर धंदाच तो.

कुओपिओच्या बाहेर, टायरच्या गोदामाला लागून
आमचा बोगदा. उभा, काचेचा.
बाहेर उणे एकोणीस, दुपारी तीनलाच अंधार.
आत खालून वर वारा, ताशी एकशे ऐंशी,
आणि त्या वाऱ्यावर पालथी साइमी,
वय वीस, एरवी बेकरीत पहाटपाळी.

तिच्या अंगाला वारा लगेच कळला.
मी दोन बोटं सरळ केली की पाय लांबवते,
बोटं वाकवली की गुडघे मोडते.
ओइवाला हे तीन शनिवारांत जमलं नाही.
(ओइवा बासष्टचा, फेरीबोटीवरून निवृत्त,
अजून जाळीवर गुडघे घासतो आणि हसतो.)

एकच करत नाही ती.
मनगटाकडे बघत नाही.

कशाला बघेल?
तिथलं उंचीमापक इथे कायम शून्यावर.
इथे कोणी पडत नाही.
जमीन जिथल्या तिथे, सभ्य शेजाऱ्यासारखी.
पडण्याचा सगळा आवाज आहे, सगळा जोर आहे,
पडणं तेवढं वजा.
आणि मला शिकवायचं असतं
नेमकं ते वजा केलेलं.

म्हणून मी पुठ्ठे केले, बुटांच्या खोक्याचे,
काळ्या मार्करने: चार हजार, साडेतीन, तीन…
रायमो काचेबाहेरून एकेक दाखवतो.
मी वाऱ्यात उभी, माझ्या मनगटावर बोट आपटते: बघ.
तिने आधी मनगट बघायचं, मग काच,
मग आकडा मला बोटांनी सांगायचा.
दीड हजाराला दोन्ही हात हलवायचे,
मग उजवा हात मागे, नसलेल्या हँडलकडे.

पहिल्या फेरीत ती तीन हजाराला हसली.
दोन हजाराला डावीकडे सुरेख वळली.
दीड हजार. हजार. सातशे.
रायमोचे पुठ्ठे संपले.
त्याने शेवटचा उलटा धरला;
मागे बुटाचं चित्र, माप अडतीस.
ती त्या बुटालाही हसली.

बाकावर, हेल्मेट मांडीत घेऊन म्हणाली,
"पण मी स्थिर होते ना?"

होतीस. मीही होते,
माझ्या एकेचाळिसाव्या उडीत, सप्टेंबरात.
खाली तळी तांब्यासारखी,
आणि अंगात पहिल्यांदाच काही थरथरत नव्हतं.
वाटलं, हे असंच धरून ठेवू.
मग पाठीवर काहीतरी फाटल्यासारखं झालं
आणि राखीव छत्री आपणहून उघडली.
डबीने उघडली, मी नाही.
पायांखाली एक स्प्रूस होता.
त्याचे शंकू मोजता आले असते.

साइमी बराच वेळ गप्प.
मग विचारलं, "तोवर छान होतं?"
फार, म्हटलं.
भीती सुईकडे बघते, साइमी. सुख बघत नाही.

ओइवा गुडघे चोळत होता.
म्हणाला, आमचा जुना कप्तान
बोट धक्क्याला बांधलेली असतानासुद्धा
खोली मोठ्याने म्हणायला लावायचा.
दोन मीटर. दोन मीटर. दोन मीटर.
आम्ही त्याला वेडा म्हणायचो.
धुक्यात मात्र तोंड आपोआप चालायचं.

दुसरी फेरी.
हात डोळ्यांपुढे आणला की तिचा तोल जायचा,
एक खांदा बुडायचा, वळण बिघडायचं.
तरी आणला. शून्य. पुन्हा आणला. शून्य.
सहा वेळा तिने ते शून्य वाचलं,
जणू ते उद्या बदलणार आहे.
दीड हजाराला हात हलवले,
इतके जोरात की काचेवर जाऊन आदळली.
रायमोने पुठ्ठा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या,
वाऱ्यात ऐकू आल्या नाहीत.

जाताना मापक परत देत म्हणाली,
"हे बिघडलंय. वीस मीटर दाखवतंय."
बिघडलं नव्हतं.
हवेचा दाब उतरत होता, रात्री बर्फ येणार होतं.
तसं सांगितलं नाही.
नुसतं विचारलं, कधी पाहिलंस?
"आत्ता. जिन्यात."

ती गेल्यावर मी सुई शून्यावर आणली,
ओइवाच्या मनगटासाठी.