शेरा

तुर्कूच्या बंदरामागे, बंद पडलेल्या दोरखान्याला लागून
टाकलेल्या मांजरांचा निवारा आहे.
दर मंगळवारी इर्या लेहतोमाकी तिथं
मांजरांचे स्वभाव लिहून काढते.

खोली चार पावलं लांब, तीन रुंद.
एक खुर्ची, एक खोका. भिंतीवर घड्याळ नाही,
टिकटिकीनं निकाल बदलतो म्हणतात.
मांजर आत सोडायचं
आणि पाच मिनिटं काहीच करायचं नाही.
हे काहीच न करणं शिकायला
इर्याला दोन हिवाळे लागले.

मग अनोळखी माणूस आत येतो.
अनोळखी माणूस म्हणजे इर्याच,
पिवळा रेनकोट चढवून.
बोट नाकापाशी. हात पाठीवरून एकदा, शेपटीपर्यंत नाही.
चावीचा उंदीर.
शेवटी स्टीलचं ताट फरशीवर, मुद्दाम.
कान कुठं वळले, मिशा कुठं गेल्या,
ताटाचा आवाज विरल्यावर किती सेकंदांनी
पहिला पंजा पुढे पडला:
एक ते पाच.

तळाशी भाकीत लिहायचं.
लहान मुलं चालतील. कुत्रा नको.
गॅलरीला जाळी लावा.
ज्योतिषाला निदान गाव बदलता येतं.
इर्याला तीन महिन्यांनी
त्याच घरी फोन करावा लागतो.

अठ्ठ्याऐंशी नंबर. करडी, उजवा कान अर्धा.
ताट पडलं तशी खुर्चीखाली गेली
ती गेलीच.
इर्या जेवून आली, अंधार पडला,
खुर्चीखाली दोन हिरवे ठिपके तसेच.
धीटपणा: एक.
माणसांची ओढ: एक.
शांत घर हवं. अपेक्षा ठेवू नये.

वेइक्को सालोवारा, बर्फ फोडणाऱ्या जहाजावर
एकतीस वर्षं इंजिनापाशी,
डावा कान तिथंच ठेवून आलेला.
त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला, शेवटची ओळ दोनदा वाचली.
"हे माझ्या बायकोनं लिहिलंय का?"
आणि पिंजरा उचलला.

फेब्रुवारीत फोन.
लपून राहते का?
"कोण, मी?"
मांजर.
"मुट्टेरी? म्हणजे नट. बोल्टवरचा. सापडली की हरवते म्हणून.
पहिला महिना टबाखाली होती.
आता रात्री तीनला ओट्यावर चढते
आणि भांडी पाडते.
एक पाडते. थांबते. माझ्याकडे बघते.
मग दुसरं.
उजव्या बाजूलाच पाडते हं,
डावीकडचं मला ऐकू येत नाही
हे तिला कुणी सांगितलं?"
इर्याचं पेन
चौकटीवर थांबून राहिलं.
"हॅलो? आणखी काही विचारायचंय?"
तुम्ही काय करता तेव्हा?
"उठतो. कॉफी टाकतो. करणार काय."

पोर्क्काना, गाजराच्या रंगाचा बोका,
सगळीकडे पाच.
भेटेल त्याच्या मांडीत शिरणारा.
याच्यासाठी तीन कुटुंबांची रांग होती.
अकराव्या दिवशी परत आला.
कारणाच्या रकान्यात सुबक अक्षर:
दिवसभर दाराशी बसून ओरडतो.
फारच माणसाळलेला आहे.

नियमाप्रमाणे परीक्षा पुन्हा.
इर्यानं रेनकोटाची बाही चढवता चढवता
नाकाला लावली.
सात वर्षांचा कोट. धुतला असेल तरी
शे-दीडशे मांजरांची भीती, लाळ,
मान घासून ठेवलेली ओळख.
आणि हा कोट घालून ती
अनोळखी व्हायची.

तिनं तो खुंटीला लावला.
साध्या स्वेटरवर आत गेली, खाली फरशीवर बसली.
बोका कोपऱ्यात, पाठ तिच्याकडे,
शेपूट स्वतःभोवती गुंडाळून.
उंदराची चावी तिनं फिरवली नाही.
ताट दाराबाहेरच राहिलं.
बाहेर कुणीतरी पायरीवरचं बर्फ फावड्यानं खरवडत होतं,
तेव्हा एक कान तेवढा
मागे वळला, आणि परत गेला.

आकड्यांची जागा कोरी.
शेरा:
पाच मिनिटं काही केलं नाही.
यानंही नाही.