मानशीचा हिशेब

दर शुक्रवारी साडेचारला
मी चोडणच्या बांधावर टेप पसरते.
काम झालं: एकतीस टक्के.
पैसा गेला: अठ्ठेचाळीस.
दोन आकड्यांमधली जागा
पणजीच्या हपिसात लाल दिसते,
इथे ती चिखलाच्या रंगाची आहे.

चिरे आले, पावती आहे.
डिझेल गेलं, पावती नाही.
मातीच्या तीन होड्या
बांधावर ओतल्या आणि रातोरात
खाडीनं परत नेल्या,
त्या कुठल्या रकान्यात लिहू?

इनासमाम मानशीच्या खांबावर
कोयत्यानं खाच पाडतो,
मोठी भरती जिथवर चढली तिथे.
त्याची वही एवढीच.
"बाय, तुजो कागद शुक्रारा उठता,
कुर्ली रातभर खणता."

मी हसले.
मग रात्री तक्ता उघडून
एक ओळ वाढवली: कुर्ल्यांची बिळं.
परिमाण कोरं. दर कोरा.
रक्कम मात्र आपोआप वाढत गेली,
मागच्या तिन्ही महिन्यांतून,
जणू ती तिथेच होती
आणि फक्त नाव मागत होती.

सोमवारी साहेबांचा फोन.
"हे काय नवीन?"
गळती, सर.
"मंजुरी कुणाची?"

आज अमावास्या.
फेरीबोट कधीच बंद झालीय.
पावणेबाराची भरती, एक टॉर्च, आम्ही दोघं.
अंदाजपत्रकात ही रात्र नाही.
पाणी शेवटच्या खाचेला चार बोटं कमी.
तीन.
इनासमाम काही बोलत नाही,
लुंगीच्या टोकानं
कोयता पुसतोय.