सहा चकत्या

सकाळी साडेसहाला इन्क्युबेटर उघडतो.
बशीत सहा चकत्या, सहा औषधं.
प्रत्येकीभोवती मोकळं रिंगण हवं,
पट्टीनं मोजण्याजोगं.

आज पट्टी खिशातच राहिली.
मेरोपेनेमच्या काठाला चिकटून
दाट, ओली साय.

बेड सात. शेवंता कुंभार, खानापूर.
कौलांच्या भट्टीवर घसरली, खुबा मोडला.
हा जंतू तिनं गावाहून नाही आणला.
बेळगावातच मिळाला, ह्याच इमारतीत,
नळीतून, नाहीतर कुणाच्या हातून.
माझ्याही असेल.

त्याच्यापाशी कात्री आहे,
औषधाची कडी नेमकी सांध्यावर कापते.
कात्रीच्या खिळ्यात जस्त.
दुसऱ्या बशीत मी ते जस्त शोषणारा थेंब ठेवला होता:
तिथं कात्री अडली,
नखाएवढी जागा उघडली.

बशीत जमतं.
शिरेत नाही.

खिडकीशी तिचा मुलगा.
"रिपोर्ट बंतेन्री?"
मग माझा चेहरा बघून, "आला काय वो?"
कागद त्यानं दिव्याखाली धरला,
बोटानं ओळी मोजल्या.
आर, आर, आर, आर, आर, आर.

"सगळीकडं एकच हाय,
म्हंजे चांगलंच नव्हं?"